पहिल्या कपानंतर

फांतायेने ते वाक्य आठवडाभर घोकलं होतं. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी बसून 'नाव काय, वडिलांचं काय, आजोबांचं काय' असं दिवसभर ओरडता ओरडता ती मध्येच ते मनातल्या मनात म्हणून बघायची. वाक्य तसं साधंच होतं: मी एक कप घेऊन निघते, मला थोडा वेळ एकटं बसायचंय. पण आमच्या देब्रे बिरहान गावात तोवर असं वाक्य कोणी उच्चारल्याचं ऐकिवात नव्हतं.

कॉफी म्हणजे तीन कप. एकदा दळलेली पूड जबेन्यात, म्हणजे कॉफीच्या मातीच्या सुरईत, पडली की तिच्यावर तीनदा पाणी चढतं. पहिला कप कडक, दुसरा बेताचा आणि तिसरा म्हणजे नुसतं रंगीत गरम पाणी. पण त्या तिसऱ्याचं नाव बरका, घराचा आशीर्वाद त्याच्यात असतो, आणि तो घेतल्याशिवाय शहाणा माणूस उठत नाही. मधल्या वेळात सगळ्या गल्लीच्या बातम्या दळून होतात. संध्याकाळ कुठे गेली ते कळत नाही.

फांतायेला मात्र ते चांगलंच कळायचं. सामाईक अंगणाभोवतीच्या खोल्यांपैकी फाटकाजवळची खोली बेलायनेशची. फांताये कामावरून आली की फाटकातच तिची हाक कानावर पडायची, "आली गं माझी पोर! या, कॉफी!" बेलायनेश विधवा होती, पन्नाशी उलटलेली, आणि तिचा आवाज असा की पलीकडच्या चर्चमधल्या पाद्र्याने एकदा निरोप पाठवला होता, जरा हळू. फांताये तिला एतिये म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. एकदा फांताये तापाने फणफणली होती तेव्हा हिनेच तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं होतं. फांतायेचा नवरा दान्ये जिबूतीच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा, महिन्यातून कधीतरी घरी यायचा, त्यामुळे "एकटी आहे बिचारी" हे पालुपद अंगणात सगळ्यांच्या तोंडी होतं. एकटीला एकटं राहू द्यायचं नाही, हा आमचा धर्म.

बिचारीला नेमकं तेच हवं होतं, आणि का हवं होतं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दार लोटून खुर्चीत बसलं, कोणी काही विचारत नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही, की तिच्या आत काहीतरी खाली बसायचं, गढूळ पाणी निवळावं तसं. ती त्या वेळात काहीच करायची नाही. विणकाम नाही, रेडिओ नाही. आजार म्हणावा तर कुठे दुखत नव्हतं. माणसं आवडत नाहीत म्हणावं तर तेही खरं नव्हतं, बेलायनेश कोणाची नक्कल करू लागली की ती सगळ्यांत जास्त हसायची. मग हे काय होतं? लहानपणी आईने तिला एकदा दोन दिवस पवित्र पाण्याच्या झऱ्यावर नेलं होतं, पोरगी बोलत नाही म्हणून. तिथल्या गर्दीत तिचं तोंड आणखीच मिटलं.

तर त्या दिवशी पहिला कप रिकामा करून तो तिने कॉफीसाठी अंथरलेल्या गवतावर ठेवला आणि उठली. "मी निघते एतिये. मला थोडा वेळ एकटं बसायचंय."

बेलायनेशचा जबेना हवेतच राहिला. समोर बसलेली अस्काले, शेजारच्याच खोलीतली, जिची जीभ कधी म्यानात नसायची, तिने लाह्यांनी भरलेली मूठ खाली केली.

"एकटी बसणार? कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही. एकटी."

"डोकं दुखतंय का पोरी?" बेलायनेशने विचारलं.

इथे फांतायेने 'हो' म्हणायला हवं होतं. पुढचं सगळं टळलं असतं. डोकेदुखीला आमच्याकडे पूर्ण मान आहे. पण एवढं घोकून आल्यावर खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"नाही, काहीच दुखत नाही. मी बरी आहे," ती म्हणाली आणि निघाली.

दार लोटून ती खुर्चीत बसली. अंगणात एकदम सामसूम झाली होती. एरवी ज्या गलक्याला ती कंटाळायची तो थांबल्यावर तिला चैन पडेना. तिला हवी होती ती शांतता ही नव्हती. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली, आणि उघडते तर उंबऱ्यावर बशीत बरका, वर झाकण. बेलायनेश पाठमोरी लगबगीने परत चालली होती. फांतायेने तो कप घेतला आणि तिला उगाच वाटलं की आपण काहीतरी चोरून पितोय.

दुसऱ्या दिवशीही ती एका कपानंतर उठली, तिसऱ्या दिवशीही. तोवर अंगणाने आपापली निदानं करून ठेवली होती. एक म्हणाली, दिवस गेलेत, वास सहन होत नसणार. दुसरी म्हणाली, नव्या पंथात शिरली असणार, ते लोक असेच आधी कॉफीवरून उठतात. अस्कालेने नळावर तिला सरळच गाठलं.

"खरं सांग, दान्येने जिबूतीला दुसरी ठेवली ना?"

"काहीतरीच काय!"

"मग बाई, तुझं बिनसलंय काय? त्या म्हातारीने काल तीनदा मला विचारलं, कॉफी करपली होती का म्हणून. नव्या बिया आणल्यात तिने, सिदामोच्या, महागातल्या. तुझ्यासाठी."

"कॉफी चांगलीच असते गं."

"तेच तर! कॉफी चांगली, नवरा चांगला, डोकं चांगलं, आणि बाई उठून जाते. म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय."

फांताये बादली घेऊन तशीच उभी राहिली. मुरणारं पाणी असलंच तर तिला स्वतःलाही शोधायचं होतं. संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, बेलायनेशचा आवाज उतरला होता. "या, कॉफी," ती म्हणाली, पण एखाद्या सरकारी कचेरीत म्हणावं तितक्या हळू. फांतायेला भडभडून आलं आणि तरीही पहिल्या कपानंतर ती उठली, कारण आता न उठणं म्हणजे आधीचं सगळं उठणं खोटं होतं, असं तिला वाटत होतं. की ही नुसती जिद्द होती? ती खोलीत येऊन बसली आणि तिला रडू आलं. ज्या तासासाठी हे सगळं केलं तो तास रडण्यात गेला.

दान्येचा फोन आला तेव्हा त्याला आधीच सगळं कळलेलं होतं. अंगणातल्या बातम्या ट्रकपेक्षा जोरात धावतात.

"काय केलं एतियेने तुला?"

"काही नाही."

"मग तू कशाला रुसलीस?"

"मी रुसलेच नाही! मला फक्त तासभर गप्प बसायचंय."

"मग तिथेच बस की गप्प. तू तशीही कुठे बोलतेस?"

"तिथे बसून गप्प राहणं वेगळं दान्ये."

मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, मी इथे रस्त्यावर. तुला काही झालं तर पहिली धावणार ती तीच. तिला तोडू नको. एवढंच सांगतो." फांतायेला वाटलं, हा बरोबर बोलतोय. आणि लगेच वाटलं, मग माझंही बरोबर कसं? दोन्ही बरोबर असेल तर चूक कोणाची?

रविवारी फांताये चर्चहून परतल्यावर दार वाजलं. बाहेर दोन वडीलधारे, आम्ही ज्यांना मानाने गाशे म्हणतो तसे, उभे होते, अंगावर पांढऱ्याशुभ्र जाड सुती चादरी, म्हणजे गाबी, हातात काठ्या. पुढे गाशे मेकुरिया, घोंगड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गल्लीतले तंटे मिटवण्यात हयात गेलेली. मागे गाशे त्सेगा, ज्यांना फारसं ऐकू येत नसे. त्यांना मुद्दाम नेत, म्हणजे ते कोणाची बाजू घेतात असं कोणी म्हणू शकत नसे.

"या ना, बसा ना गाशे," फांताये गडबडून म्हणाली.

"बसणार नाही. आधी 'हो' म्हण, मग बसतो," गाशे मेकुरिया म्हणाले.

"पण कशाला हो?"

"भांडण मिटवायला."

"गाशे, भांडणच झालेलं नाही."

गाशे मेकुरियांनी सुस्कारा सोडला. "सगळे असंच म्हणतात, पोरी. चाळीस वर्षं ऐकतोय. झालेलं नाही म्हणतात ते सगळ्यांत वाईट असतं."

"बरोबर आहे," गाशे त्सेगा म्हणाले. त्यांनी काय ऐकलं होतं देव जाणे.

तेवढ्यात ते दोघे बाजूला झाले आणि मागून बेलायनेश आत आली. ती कमरेतून वाकलेली होती आणि तिच्या मानेवर दगड होता. अंगणात नळाजवळ कपडे आपटायचा तो चपटा दगड, दोन्ही हातांनी धरलेला. मानेवर दगड घेऊन माफी मागायची रीत आमच्याकडे आहे, पण ती रक्तपाताला, जमिनीच्या जुन्या वैराला. कॉफीसाठी कोणी मानेवर दगड घेतल्याचं आमच्या गल्लीने पाहिलं नव्हतं. दाराबाहेर अस्काले आणि बाकीच्या बायका श्वास रोखून उभ्या होत्या.

"देवासाठी माफ कर मला," बेलायनेश जमिनीकडे बघत म्हणाली.

"एतिये! काय हे! ठेवा तो दगड खाली!" फांताये धावली, पण गाशे मेकुरियांनी काठी आडवी धरली. दगड उतरवायचा तर आधी 'माफ केलं' म्हणायचं.

"कसली माफी? तुम्ही काहीच केलं नाही!"

"कळलंय तुला," बेलायनेशचा आवाज कोंडल्यासारखा येत होता. "तुला कळलं, त्या दिवसापासून माझी झोप उडालीय. तुझी सासू आली होती ना मागच्या वर्षी सणाला. मीच बोलले तिला. म्हटलं, तुमची सून माणसांतली नाही. घरात भिंतीसारखी बसते. असल्या घरात मूल कसं यावं, म्हटलं. मला नुसतं बोलायचं होतं गं, जीभ वळवळली. आणि ती दुसऱ्या दिवशी गेली निघून."

फांताये जागच्या जागी थिजली. सासू सण अर्धा टाकून का गेली, हे कोडं तिला वर्षभर सुटलं नव्हतं. दान्ये नंतर आठवडाभर तुटक का वागला, तेही नव्हतं. आता एका दमात दोन्ही सुटली, आणि जे भांडण नव्हतं ते तिच्या छातीत धडधडू लागलं.

"हां! निघालं एकदाचं," गाशे मेकुरिया समाधानाने म्हणाले. "म्हण आता."

बेलायनेश तशीच वाकलेली होती. मान लाल झाली होती. वयस्क बाई, दगड जड, आणि सगळं अंगण दारात. फांतायेला तिचा भयंकर राग आला होता आणि तिची भयंकर दयाही आली होती, आणि या दोन्हींचा तिच्या त्या एका तासाशी काही संबंध नव्हता. हे तिला ओरडून सांगायचं होतं. तिने दगड उचलला. तो तिला वाटला होता त्याहून फार जड होता.

"देवासाठी माफ केलं," ती म्हणाली.

बाहेर बायकांनी आनंदाने आरोळ्या दिल्या. वडीलधारे बसले, त्यांना भाकरी आणि भाजलेले सातू मिळाले. निघताना गाशे मेकुरियांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्यापासून तिन्ही कप, बरं का पोरी."

आणि ती बसली. सोमवारी तिन्ही कप, मंगळवारी तिन्ही कप. पहिला प्यायची, दुसरा प्यायची, बरका घेऊन कपाळाला लावायची. लाह्या पुढे आल्या की मूठभर घ्यायची, कोणी विनोद केला की दात दाखवायची. "बघा, कशी खुलली पोर!" अस्काले म्हणाली. सगळ्या गल्लीचा जीव भांड्यात पडला. दान्येनेही फोनवर शाबासकी दिली.

फांतायेचं डोकं मात्र चक्रावलं होतं. मनात काही नव्हतं तेव्हा मी उठून गेले, तर सगळे म्हणाले भांडण. आता बाईचं तोंड बघवत नाही, तर हाच म्हणे समेट. भिंतीसारखी, हा शब्द तिला दवाखान्याच्या खिडकीशीसुद्धा ऐकू यायचा, केसपेपरवर नावं चुकायची. बेलायनेश तिला आधी वाढायची, साखर जास्त घालायची, आणि फांताये "देव भलं करो एतिये" म्हणून कपात बघत राहायची. तिला स्वतःची भीती वाटू लागली. इतकं गोड वागता येतं आपल्याला?

राग किती दिवस टिकतो, तेही तिला ठाऊक नव्हतं. एका सकाळी उठली तर तो होता त्या जागी नव्हता, नुसतं दुखत होतं. त्या संध्याकाळी पहिला कप झाला, तिने बेलायनेशकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं. म्हातारीच्या मानेवर दगडाचा ओरखडा अजून होता. फांताये उठली.

"एतिये, मी निघते. मला एकटं बसायचंय."

अस्कालेने कपाळावर हात मारून घेतला. "झालं! बोलवा परत म्हाताऱ्यांना!"

फांताये घाईने खोलीत आली, पण दार लोटण्याआधीच बेलायनेश मागोमाग पोचली, हातात आपलं बुटकं स्टूल घेऊन. धापा टाकत होती.

"पुन्हा?"

"हो, पुन्हा."

"मी येते आत. तुझ्याबरोबर बसते. बोलणार नाही, शपथ. तू काय करतेस ते मला बघू दे एकदा. नवरा गेल्यापासून मी एक संध्याकाळ एकटी बसलेली नाही, मला ते जमत नाही. तू कशी बसतेस?"

हिला नाही म्हणायचं? ताप आला तेव्हा जिने पाठीवर घेतलं, जिने सासूचं मन फिरवलं, जिने आपल्यासाठी मान मोडून घेतली, त्या सगळ्या बायका एकाच स्टुलासकट दारात उभ्या होत्या. 'या' म्हणणं किती सोपं होतं. 'या' म्हणाली असती तर तिच्याकडे स्वतःचं असं काही उरलं नसतं, आणि 'नाही' म्हणाली तर कदाचित बेलायनेशही उरणार नव्हती. काय करावं ते तिला अजिबात कळत नव्हतं. तोंडातून शब्द निघाला तेव्हा तीच दचकली.

"नको एतिये. एकटी म्हणजे एकटी. तुम्हीसुद्धा नको."

बेलायनेशचा चेहरा पडला. ती फांतायेकडे बघत राहिली, डोळे बारीक करून, सातूतले खडे निवडावे तशी.

"रागावली नाहीस तू," ती शेवटी सावकाश म्हणाली.

"नाही."

"कालपर्यंत होतीस. तिन्ही कप प्यालीस आणि एकदाही वर बघितलं नाहीस. मी काय दुधखुळी आहे? रागावलेलं माणूस असं तोंडावर 'नाही' म्हणत नाही पोरी. रागावलेलं माणूस बरका पिऊन जातं. माझंच बघ ना, तुझ्या सासूशी ते बोलले, त्या संध्याकाळी तुला पहिला घास माझ्याच हाताने भरवला होता." तिने नाक पुसलं. "मला अजून नीट कळलेलं नाही. पण तू मला हाकललंस, आणि मला बरं वाटतंय. हे कसलं गं?"

"मला नाही माहीत एतिये," फांताये म्हणाली. ते अगदी खरं होतं.

बेलायनेशने मान हलवली, दोन पावलं मागे सरली आणि फांतायेने दार लोटलं. ती खुर्चीत बसली. बाहेर स्टूल टेकवल्याचा आवाज आला, अगदी दाराला लागून. मग पाठ दाराला टेकल्यासारखी फळी करकरली. थोड्या वेळाने कोणाची तरी पावलं आली, आणि सगळ्या अंगणाला, बहुधा चर्चलाही, ऐकू जाईल असा बेलायनेशचा जुना आवाज उठला.

"ए अस्काले! पुढे येऊ नको! ती एकटी बसलीय!"

"अगं पण मी नुसतं विचारायला..."

"नंतर! तास झाला की ये! गप्प बसायला मिळू दे की पोरीला!"

फांताये आत हसली, मग तिचे डोळे भरून आले. पाठीमागे फळीपलीकडे म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. याला एकटं म्हणायचं की नाही, हे ती ठरवू शकली नाही. हळूहळू तिच्या आतलं पाणी खाली बसू लागलं.